पुरुषांचा हरवलेला मधला आवाज



आज मला पुरुषांच्या आवाजाबद्दल बोलायचं आहे. सुरुवात सीरियातल्या एका तुरुंगापासून करतो.

दमास्कसच्या उत्तरेला सैदनाया हा लष्करी तुरुंग होता. डिसेंबर 2024 मध्ये असद यांची राजवट कोसळली, तेव्हा त्याची दारं उघडली. त्याआधी आत काय चालतं हे बाहेरच्यांना दिसत नव्हतं. आतल्यांनाही फारसं दिसत नव्हतं. कैद्यांना अंधारात ठेवत, पहारेकरी आला की डोळे झाकायला लावत. बोलायला बंदी होती.

2016 मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि लंडनची फॉरेन्सिक आर्किटेक्चर यांनी तिथून सुटलेल्या काही जणांच्या साक्षी घेतल्या. लॉरेन्स अबू हमदान हा ध्वनिकलावंत त्या कामात होता. त्यानं ‘काय ऐकलंत?’ हा प्रश्न धरला. दाराचा आवाज कसा यायचा? शेजारच्याशी किती हळू कुजबुजायचात? वेगवेगळे आवाज ऐकवून तो त्यांच्या आठवणीशी ताडून पाहायचा. 2011 पूर्वीची कुजबूज आणि नंतरची कुजबूज यांत 19 डेसिबलचा फरक निघाला. 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे कुजबूज जवळजवळ चौपट हळू झाली होती. दहशत किती वाढली, ते त्या आकड्यानं सांगितलं.

आपलं दुःख आणि त्यांचं दुःख मला एका तराजूत घालायचं नाही. मला त्याचा फक्त प्रश्न उसना घ्यायचा आहे.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबई दंगलीत 900 माणसं मारली गेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. आपल्यापैकी बरेच जण त्यानंतर जन्मले. मीसुद्धा. अब्बांना मी अनेकदा विचारलं, ‘तेव्हा काय झालं?’ उत्तर ठरलेलं: ‘जाने दे.’ मग एकदा विचारलं, ‘तेव्हा ऐकू काय यायचं?’ ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘रात्री नळ सोडत नव्हतो. पाण्याच्या आवाजात बाहेरची चाहूल लागली नसती.’

एवढंच बोलले. पण आमच्या घरात टीव्ही नेहमी हळू का असतो, रस्त्यावर मिरवणूक आली की अम्मी मिक्सर का बंद करते, हे मला त्या दिवशी कळलं. लोकलमध्ये फोन आला की माझा ‘सलाम’ आपोआप हळू होतो. मला हे कुणी शिकवलेलं नाही. आघात वारशानं कसा येतो, यावर शास्त्रज्ञ वाद घालत राहतील. घरातल्या आवाजाच्या पातळीतून तो येतो, हे आपण रोज ऐकतो.

यात ‘मर्दानगी’ कुठे आली? मुलगा रडला की आपण म्हणतो, ‘मर्द बन.’ म्हणजे पुरुषाला दोनच आवाज दिले आहेत: एक गप्प राहायचा, दुसरा ओरडायचा. ‘मी घाबरलो होतो’ हे वाक्य ज्या आवाजात बोलतात, तो मधला आवाज त्याच्याकडे उरतच नाही. बाहेर दबून राहिलेला माणूस मग घरी बायकोवर, पोरांवर ओरडतो. त्यामागचं कारण आपण समजून घ्यावं, पण त्याला सबब करू नये. मार खाणाऱ्या बाईला त्या कारणाचा काही उपयोग नसतो.

संगीतानं हा मधला आवाज आपल्याकडे सांभाळला आहे. मोहरममधला मर्सिया आणि नौहा घ्या. दख्खनमध्ये ही परंपरा आदिलशाही-कुतुबशाहीपासूनची आहे. तिथे मोठे, मिशीवाले पुरुष चारचौघांत रडतात आणि त्यांना कुणी बायकी म्हणत नाही. काही घरांना हा प्रकार मान्य नसतो, त्या वादात मी शिरत नाही. पुरुषाच्या रडण्याला तिथे जागा आहे, एवढंच मला दाखवायचं आहे.

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजावर मैदानं भरायची. एक मुसलमान पुरुष मराठीत, भर मैदानात, पूर्ण आवाजात गात होता. आवाज हळू करायचा वारसा आपला आहे, तसा हाही आपलाच आहे. आणि 2014 मध्ये कुर्ल्याच्या नेझीनं आयपॅडवर ‘आफत’ केलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांना कळलं की आपली भाषा आपल्या आवाजात ऐकवता येते. आज तुमच्यातले कितीतरी रॅप करतात. मला तो राग ऐकायला आवडतो. पण पुढच्या गाण्यात एक कडवं भीतीचंही येऊ द्या. त्यालाही हिंमत लागते.

शेवटी एक काम देतो. खिशातला फोन हाच आपला रेकॉर्डर. घरातल्या एका पुरुषाला, अब्बा, चाचा, मामू, कुणालाही, आवाजांबद्दल विचारा. लहानपणी सकाळी काय ऐकू यायचं? कारखान्याचा भोंगा, यंत्रमाग, फेरीवाला? कुठला आवाज बंद झाला? वाईट दिवसांकडे ते स्वतः वळले तर ऐका, ओढू नका. आधी परवानगी घ्या. ‘बस’ म्हणाले की थांबवा. त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. आणि मधली शांतता कापू नका. ते किती वेळ थांबले, हीसुद्धा साक्ष आहे.

नंतर अम्मीला तेच विचारा. अब्बांच्या गप्प राहण्याचा आवाज तिनं आयुष्यभर ऐकला आहे.

आणि एखाद्यानं तुमच्याच आवाजांबद्दल विचारलं, तर ‘जाने दे’ म्हणू नका.