तेल तापतंय की तेलच नाही?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू करतो. अकोल्याच्या एका मित्राने पाठवलाय. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेली ३५० सीसीची एअरकूल्ड गाडी आहे. घर ते एमआयडीसी रोजचे बारा किलोमीटर, वर्षातून एखाद-दोन वेळा पुणे. तो म्हणतो, "दादा, गाडी लय तापते. वरून टिकटिक आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो तेल उकळतंय, ऑइल कूलर लाव, साडेसहा हजारात बसवून देतो. माझा अर्धा पगार जाईल. पण इंजिन वाचत असेल तर लावू का?"

हो-नाही एका वाक्यात सांगता आलं असतं. पण हाच प्रश्न मी स्वतःला एकदा विचारला होता आणि चुकीचं उत्तर दिलं होतं. त्यामुळे जरा सविस्तर बोलू.

आधी तेल इंजिनात काय करतं ते बघा. तुम्ही टाकता त्या पेट्रोलमधली साधारण पाव ते एक तृतीयांश ताकदच चाकापर्यंत पोचते. बाकी सगळी उष्णता. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, उरलेली इंजिनच्या अंगात मुरते. एअरकूल्ड गाडीत ती बाहेर काढायला दोनच जण: ब्लॉक आणि हेडवरच्या फिन्स, आणि तेल. पिस्टनच्या खालच्या बाजूला, हेडमध्ये कॅमपाशी फिन्सची हवा पोचत नाही, तिथून उष्णता उचलतं ते तेलच. शिवाय आपल्या बहुतेक मोटरसायकलींत तेच तेल गिअरबॉक्सला आणि क्लचलाही पुरवायचं असतं. कारच्या तेलाला हा त्रास नाही. आपलं दीड-दोन लिटर तेल तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींसारखं राबतं.

ऑइल कूलर म्हणजे हे तेल बाहेर काढून समोरच्या वाऱ्यात फिरवून परत आत सोडणारा छोटा रेडिएटर. कल्पना उत्तम आहे. सुझुकीने १९८५ मध्ये जीएसएक्स-आर ७५० काढली, तेव्हा वजन वाचवायला पाण्याऐवजी तेलावरच भर दिला. पिस्टनखाली तेलाचे फवारे, हेडवर तेलाचा मारा आणि पुढे मोठा कूलर. पण ते सगळं इंजिन त्यासाठी आखलं होतं. पंप, वाटा, तेलाचं माप, सगळंच. आपण बाजारातून आणून लटकवतो ती गोष्ट वेगळी.

आता मेकॅनिक लोकांचं एक आवडतं वाक्य असतं: "कंपनीने पैसे वाचवायला दिला नाही." यात थोडं खरं आहे, कंपन्या पैसे वाचवतातच. पण आपल्या पुण्याच्या बजाजकडे बघा. पल्सर १५० ला ऑइल कूलर नाही. २००७ मध्ये २०० आणि २२० काढल्या, त्यांना दिला. १५० ची ताकद साधारण चौदा पीएस, २२० ची वीसच्या वर. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल जळणार, म्हणजे जास्त उष्णता. हिशोब करून जिथे लागला तिथे दिला. रॉयल एनफिल्डनेही तसंच केलं. ४११ सीसीच्या जुन्या हिमालयनला दिला, इंटरसेप्टर ६५० ला दिला, साध्या ३५० ला नाही दिला. तुमच्या गाडीला कंपनीने दिला नसेल, तर तो त्यांनी मोजूनमापून दिलेला नाही असंच आधी धरा.

"पण आमच्याकडे पंचेचाळीस डिग्री असते!" बरोबर. कंपनीच्या साहेबांनी अकोल्याचा मे महिना पाहिलाय का, असं वाटू शकतं. तोही हिशोब करू. इंजिनातून बाहेर जाणारी उष्णता ही इंजिन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. तेल एकशे दहावर आहे आणि बाहेर तीस, तर फरक ऐंशीचा. बाहेर पंचेचाळीस, तर फरक पासष्टचा. म्हणजे तीच गाडी तशीच चालवली, तर मे महिन्यात तेल पंधराएक डिग्रीने वर जाणार. एकशे दहाचं एकशे पंचवीस. चांगलं तेल एवढं सोसतं. लवकर म्हातारं होतं हे खरं. ढोबळ नियम असा की तापमान दर दहा डिग्रीने वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून उन्हाळ्यात तेल जरा आधी बदला. एका तेलबदलीच्या पैशात ते काम होतं.

एकशे चाळीसच्या पुढे सतत राहत असेल, तर मात्र प्रकरण गंभीर.

आता माझी गोष्ट. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडेही जुनी ३५० होती. मित्राने कूलर लावला होता, पुढून दिसायला भारी दिसायचा. खरं सांगतो, निम्मं कारण तेच. बाकी निम्मं कारण: सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाय भाजायचे. एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. रबरी पाइप, त्यावर पट्ट्या आवळलेल्या, थर्मोस्टॅट वगैरे काही नाही.

पहिला साक्षात्कार ट्रॅफिकमध्येच झाला. पाय तेवढेच भाजत होते. कारण उघड आहे, आपल्याला आधी सुचत नाही इतकंच: गाडी उभी असताना कूलरला वारा कुठून मिळणार? कारच्या रेडिएटरला पंखा असतो. याला नाही. गरम तेल गरम जाळीतून फिरून गरमच परत येतं. म्हणजे ज्या त्रासासाठी बहुतेक लोक कूलर लावतात, नेमका तिथेच तो हात वर करतो.

मग मी तेलाच्या झाकणाच्या जागी बसणारा थर्मामीटर आणला. हे आधी करायला हवं होतं. डिसेंबरच्या सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत तेल सत्तरच्या वर चढेना. तुम्ही म्हणाल, छान की! छान नाही. इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, थोडी तेलात उतरते. तेल नव्वद-शंभरपर्यंत तापलं की ती उडून जाते. थंड राहिलं तर आतच राहते. महिन्याभरात झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखी साय जमायला लागली. कंपनीच्या चांगल्या कूलरमध्ये किंवा महागड्या किटमध्ये थर्मोस्टॅट असतो, तो तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवतो. माझ्याकडे तो नव्हता. मी मग जाळीपुढे पुठ्ठा बांधून फिरलो. हसा. पैसे देऊन कूलर लावायचा आणि वर पुठ्ठ्याने झाकायचा!

आणि मग कुंभार्ली घाट. कराडहून चिपळूणला निघालो होतो, मागे बायको, नुकतंच लग्न झालेलं. घाट उतरताना उजवा बूट ओला लागला. मला वाटलं दव असेल. दोन वळणांनंतर तिनेच मागून विचारलं, "हा कसला वास येतोय?" थांबून बघतो तर रबरी पाइप फ्रेमला घासून घासून फाटलेला, तेलाची बारीक धार लागलेली, आणि मागच्या टायरची उजवी कड चकचकीत काळी. पुढचं वळण उजवीकडचंच होतं. तिथे गाडी टायरच्या त्याच कडेवर कलली असती. त्यावर मी अजूनही फार विचार करत नाही.

दोन लिटर तेल असं संपायला किती वेळ लागतो? आणि माझ्या गाडीला ऑइल प्रेशरचा दिवा नव्हता, म्हणजे आधी टायर तरी सटकला असता नाहीतर इंजिन तरी जाम झालं असतं. छोट्या हत्तीत घालून गाडी चिपळूणला नेली. कूलर काढला, भोकं बंद केली. पुढची चार वर्षं गाडी कूलरशिवाय चालली, काही झालं नाही.

म्हणून मी कूलरच्या विरोधात आहे असं नाही. ज्यांनी बोअर वाढवलाय, ताकद वाढवलीय, ट्रॅकवर पळवतात, किंवा उन्हाळ्यात डबलसीट-सामान घेऊन तासन् तास फुल थ्रॉटल मारतात, आणि मोजून बघितलं तर तेल खरंच एकशे चाळीसला भिडतंय, त्यांनी जरूर लावावा. थर्मोस्टॅटवाला, तारेची वीण असलेल्या पाइपचा, आणि पाइप कुठेही घासत नाही हे स्वतः बघून. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारून. ज्यांना कंपनीकडूनच आलाय, त्यांनी त्याची जाळी साफ ठेवा. वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचं पाणी त्यावर जवळून मारू नकोस, त्या पातळ पत्र्या वाकतात आणि वारा आत जात नाही.

बाकीच्यांनी आधी फुकटचे उपाय करा. फिन्समधला चिखल काढा. लेगगार्डला पुढून फ्लेक्स, बॅग, पाण्याचे कॅन बांधू नका, इंजिनाचा वारा अडतो. लांब सिग्नलला बंद करा. पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं तेल टाका, आणि कारचं तर मुळीच नको, क्लच घसरायला लागेल.

आणि तेलाची पातळी बघा. अकोल्याच्या मित्राला मी उलट एवढंच विचारलं होतं: इंजिन पाच मिनिटं चालू ठेव, बंद कर, थोडं थांब, गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घे, साइड स्टँडवर नको, आणि खालच्या काचेचा फोटो पाठव.

फोटो आला. काच कोरडी. तेल दिसतच नव्हतं! सर्व्हिसिंगला पाच महिने झाले होते, मध्ये कोणी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. उरलेल्या लिटर-सव्वा लिटरने सगळी उष्णता वाहायची म्हटल्यावर ते तापणारच, आणि वर हेडपर्यंत पुरेसं पोचलं नाही की टिकटिक येणारच. त्यात कूलर लावला असता, तर त्याची जाळी आणि पाइप भरायला आणखी तेल गेलं असतं.

त्याने पाऊण लिटर टाकलं. काल रात्री दुसरी व्हॉइस नोट आली: आवाज बराच कमी झालाय, गाडी तेवढी तापत नाही. साडेसहा हजार अजून खिशात आहेत, ते तसेच ठेव म्हटलंय. कारण तेल गेलं कुठे हा प्रश्न आहेच. खाली डाग पडत नाही म्हणतो, म्हणजे गळत नसावं, जळत असावं. सकाळी थंड गाडी स्टार्ट करताना निळा धूर येतो का, ते बघायला सांगितलंय. येत असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा, आणि पैसे तिथे लागतील. त्याचं उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतो.