मान टाकणे आणि लवणे



इंग्रजीतील ‘ड्रूप’ हा शब्द बंगळूरच्या मुलांना नवा नाही. फूल, फांदी, पापणी, खांदा यांपैकी काहीही खाली झुकले की तो हाताशी असतो. परंतु तो मूळचा इंग्रजीचा नव्हे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतील ‘द्रूपा’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. त्याचा अर्थ मान खाली घालणे. थेंब या अर्थाचा ‘ड्रॉप’ त्याच कुळातला.

पाण्यावाचून राहिलेल्या रोपाविषयी आपणही म्हणतो, ‘रोपाने मान टाकली.’ दोन्ही भाषांना झाडात माणूस दिसला. मराठी मात्र येथे आणखी एक भेद करते. फळभाराने फांदी ‘लवते’. हा शब्द संस्कृत ‘नम्’ धातूपासून आलेला. लवणे ही भरलेपणाची खूण, मान टाकणे ही तहानेची. इंग्रजीत दोन्हींना ‘ड्रूप’ चालतो. पेशींतील पाणी घटले की त्यांचा ताठपणा जातो आणि पान लोंबते. वेळेवर पाणी मिळाले तर तेच पान पुन्हा उभारी धरते. वाळल्यावर मात्र इलाज नसतो.

त्या नॉर्स लोकांचे पुढे काय झाले? ‘स्काय’, ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’ असे त्यांचे घरगुती शब्द इंग्रजीत रुजले. भाषा मात्र तेथे उरली नाही. पुढच्या पिढ्या इंग्रजीच बोलू लागल्या.

१६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. तेव्हापासून या नगरीत मराठीचा वावर आहे. कन्नडच्या सहवासात ती संकोचली नाही. कन्नड ‘जोळिगे’ आणि मराठी ‘झोळी’ शेजारी ठेवून पाहा. अशी देवघेव भाषेला समृद्धच करते. परंतु मागे केवळ चार शब्द ठेवून जायचे, की बोलती भाषा ठेवायची, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

साठ वर्षे या शाळेने पाणी घातले. शाळेचे तास मोजके. मुळे घरात असतात. आज संध्याकाळी मूल थकून आले, तर ‘आज असा मलूल का दिसतोस?’ एवढे मराठीत विचारा आणि त्याचे उत्तर मराठीतच ऐकून घ्या. तो ‘मलूल’देखील अरबीतून फारसीमार्गे आलेला पाहुणा आहे. आपण तो रोज बोललो, म्हणून तो आपला झाला.