पोटाचं दुखणं आणि लाजेचं ओझं

(किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



किशोरवयीन मुलींचं आरोग्य म्हटलं की आपण रक्तक्षय, पाळी, कमी वयातलं लग्न यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्याचं नावही आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं नसेल. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

वस्तीतल्या आमच्या गटात एक १५ वर्षांची मुलगी यायची. हुशार, बडबडी. नववीत असताना तिची शाळा बुडू लागली, मग गटातही येईना. मी घरी गेले. मनात आपले नेहमीचे प्रश्न होते. वाटेत कुणी त्रास देतं का? घरात लग्नाचं चाललंय का? तिने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. मी परत आले. आठ महिन्यांनी ती रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिचं वजन २८ किलो होतं. तेव्हा कळलं, की तिला दिवसातून दहा-बारा वेळा संडासला जावं लागत होतं, रक्त पडत होतं. शाळेतल्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. म्हणून ती सकाळपासून काही खायचीच नाही. ''ताई, पोटात काही गेलंच नाही, तर जावं लागणार नाही ना,'' ती म्हणाली.

''मी आले होते तेव्हा का नाही सांगितलंस गं?''

''तुम्ही विचारलंच नाही. आणि असलं काय सांगायचं?''

तिला झाला होता आतड्यांच्या दाहाचा आजार. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. क्रोन्समध्ये ही सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कुठेही येऊ शकते. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते. हा संसर्गजन्य नाही, कुणाच्या उष्ट्याने होत नाही. साधारण चारातल्या एका रुग्णाला तो विशीच्या आतच गाठतो. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांतला फरक ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं, त्यामुळे कित्येकदा आधी क्षयाची औषधं सुरू होतात आणि महिने निघून जातात. आजार औषधांनी ताब्यात राहतो, पण कायमचा जात नाही. मध्येच शांत होतो, मध्येच उसळतो.

आता त्या वयाचा विचार करा. बरोबरीच्या मुली वाढतात, हिची उंची खुंटते, पाळी उशिरा येते. स्टेरॉइड दिली की चेहरा गोल सुजतो, पुटकुळ्या येतात, झोप उडते, चिडचिड होते. पुन्हा कधी उसळेल याचा भरवसा नाही, म्हणून सहल नको, मैत्रिणीकडे जाणं नको, तासाभराचा एस.टी.चा प्रवास नको. या मुलामुलींमध्ये नैराश्य आणि चिंता निरोगी मुलांपेक्षा जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. मन खचलं की औषधं चुकतात आणि आजार पुन्हा वर येतो.

त्रास मुलग्यांनाही होतोच. पण मुलीच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. ''कुणाला सांगू नकोस, उद्या स्थळं यायची आहेत.'' या मुलीच्या घरातही हेच झालं. आई रात्री उठून तिचे कपडे धुवायची, म्हणजे शेजारी कळायला नको. आणि आजी आईला म्हणायची, ''तूच काहीबाही खायला घातलंस.''

ही आजी अडाणी म्हणून असं बोलली, असं समजू नका. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी १९५० साली अल्सरेटिव्ह कोलायटिसला मानसिक कारणांतून येणाऱ्या सात आजारांच्या यादीत बसवलं होतं. त्या काळातल्या बऱ्याच डॉक्टरांनी रोग्याच्या स्वभावाकडे आणि त्याच्या आईकडे बोट दाखवलं. पुढच्या संशोधनाने ते खोडून काढलं. ताणाने त्रास वाढू शकतो, पण आजार ना मुलीच्या मनाने जडतो, ना आईच्या वागण्याने. म्हणून ''मनाला लावून घेऊ नकोस, बरी होशील'' हे वाक्य आपण तरी बोलू नये. तिचं मन कमकुवत नाही, तिच्यावरचं ओझं मोठं आहे.

हे ओझं हलकं करता येतं. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा आजार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींना विचार आणि वर्तन बदलायला मदत करणारं समुपदेशन दिलं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं नैराश्य अधिक कमी झालं.

पण नुसतं समुपदेशन पुरत नाही. ॲली बेन ही इलिनॉय राज्यातली क्रोन्स असलेली १४ वर्षांची मुलगी. एका दुकानात तिला अचानक कळ आली, तेव्हा कर्मचाऱ्यांचं संडास वापरायला नकार मिळाला आणि तिची फजिती झाली. ती आणि तिची आई गप्प बसल्या नाहीत. लोकप्रतिनिधीला भेटल्या. २००५ साली तिथे कायदा झाला, की अशा रुग्णाला दुकानातलं संडास वापरू द्यावं लागेल. पुढे इतर अनेक राज्यांनी तो उचलला. जी गोष्ट लपवायची, तीच त्या दोघींनी मागणी म्हणून मांडली.

हे आपल्याला नवं नाही. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेत बायकांनी मुतारीचा प्रश्न रस्त्यावर आणलाच ना! शाळेत मुलींसाठी वेगळं संडास असणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पण त्याला कडी आहे का, पाणी आहे का, तास चालू असताना हात वर न करता जाता येतं का, हे आपणच जाऊन पाहायचं.

आणि एवढं तरी करू या. शाळा बुडवणाऱ्या, वजन घटणाऱ्या मुलीला पोटाबद्दल स्पष्ट विचारू या. रक्त पडत असेल, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, तर मोठ्या रुग्णालयात सोबत जाऊ या. आईला दोष न देता तिचंही ऐकू या. मुलगी गप्प गप्प झाली, जगणं नको म्हणू लागली, तर थांबू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ती मुलगी औषधं घेते आहे. दहावीच्या परीक्षेत तिला दाराजवळचा बाक मिळाला. त्यासाठी शाळेत जाऊन बोलली ती तिची आई, जी पूर्वी रात्री चोरून कपडे धुवायची.

''पाळी नीट येते का'' हे मोकळेपणाने विचारायला आपल्याला किती वर्षं लागली, आठवा. आता पुढचा प्रश्न विचारायला तेवढी वर्षं लावू नका. मी एकदा विचारला नाही, त्याची किंमत त्या मुलीने आठ महिने मोजली.