पायांतला जोडा आणि जाहिरातींतला जोडा

"पायींची वहाण पायींच बरी," ही म्हण आपल्या समाजांत बहुधा माणसाला त्याची पायरी दाखविण्यासाठीं वापरली गेली. त्या अर्थानें ती आज कोणास रुचणार नाहीं, व रुचूंही नये. परंतु तिच्यांतील शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर तींत व्यवहाराचें एक शहाणपण आढळतें. वहाण पायासाठीं असते. तिचें मोल पायानेंच ठरवावयाचें असतें. हल्लीं मात्र वहाण पायांत येण्याच्या कितीतरी आधीं डोळ्यांत भरते. रस्त्यावरील फलक, वर्तमानपत्राचें पान, हातांतील दूरध्वनीचा चिमुकला पडदा, जिकडे पाहावें तिकडे कोणी ना कोणी नामांकित खेळाडू नवा बूट मिरवीत उभा असतो. आणि त्याचें यश त्या बुटांतच शिवून ठेवलें आहे, असा भास पाहणारास होतो.

या मोहाची परीक्षा करण्यास गोल्फच्या बुटाइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल. एके काळीं हा आपल्याकडे साहेबांचा खेळ समजला जाई. आतां मुंबई-पुण्याकडील कांहीं सुशिक्षित गृहस्थही, विशेषतः नोकरींतून निवृत्त झाल्यावर, मोकळी हवा आणि चालणें यांच्या ओढीनें त्याकडे वळतात. या खेळांत धांवावें लागत नाहीं, तेव्हां बूट कसलाही चालेल, असें नवख्यास वाटतें. तें खरें नाहीं. अठरा 'होल'चा पुरा डाव पायीं खेळणारा मनुष्य चार-साडेचार तासांत सुमारें ८ ते १० किलोमीटर चालतो. आणि हें चालणें सपाट फरसबंदीवरचें नसून चढउतारांचें, दंवानें भिजलेल्या गवतावरचें व प्रसंगीं वाळूच्या खड्ड्यांतलें असतें.

याखेरीज टोला मारण्याचा क्षण निराळाच. उजव्या हाताचा खेळाडू काठी मागें नेतो तेव्हां शरीराचा भार उजव्या पायाकडे झुकतो. काठी खालीं येऊं लागली म्हणजे तोच भार वेगानें डाव्या पायावर जातो, आणि सारें शरीर त्या पायाभोंवतीं पिळल्यासारखें वळतें. त्या वेळीं डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर मोठा ताण येतो. पाऊल बुटाच्या आंत घसरलें, किंवा बूट गवतावरून सरकला, तर टोला तर चुकतोच. शिवाय घोटा, गुडघा अथवा कंबर दुखावण्याचा संभव असतो. तात्पर्य, या बुटास दोन कामें करावयाचीं आहेत: चालतांना पावलाबरोबर वांकणें, आणि टोल्याच्या वेळीं पावलास घट्ट आधार देऊन जमिनीशीं इमान राखणें. हीं दोन्ही कामें जो करील तो बूट चांगला. बाकीचें सारें अलंकार होत.

जमिनीवरची पकड साधण्यासाठीं पूर्वीं या बुटांच्या तळाला धातूचे टोंकदार खिळे असत. परंतु त्या खिळ्यांनीं चेंडू घरंगळावयाची गुळगुळीत हिरवळ उकरली जाई, म्हणून १९९० नंतरच्या दशकांत एकामागून एक मैदानांनीं त्यांस बंदी केली, आणि त्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे मऊ खिळे आले. पुढें २०१० सालीं अमेरिकेंतील ऑगस्टा येथील 'मास्टर्स' या विख्यात स्पर्धेंत फ्रेड कपल्स हा पन्नास वर्षांचा खेळाडू बिनखिळ्यांचा, रस्त्यावर घालण्याच्या साध्या बुटासारखा दिसणारा बूट घालून उतरला आणि पहिल्या दिवशीं ६६ टोल्यांत डाव संपवून सर्वांच्या पुढें राहिला. तळाला रबराचे बारीक उंचवटे असलेले तसले बूट त्यानंतर सर्वत्र दिसूं लागले. कोरड्या मैदानावर ते पुष्कळांना सोईचे पडतात, यांत शंका नाहीं. पण ओल्या उतारावर खिळ्यांचीच पकड अधिक भरंवशाची असते. आणि ते ६६ टोले कपल्सच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचें फळ होतें, हें बूट विकत घेतांना कितीजणांच्या ध्यानांत राहिलें असेल?

याच ऑगस्टाच्या मैदानावर बारा वर्षांनीं जें घडलें, तें अधिक बोलकें आहे. टायगर वुड्स हा १९९६ पासून 'नाइकी' या कंपनीशीं करारानें बांधलेला होता, आणि त्या कंपनीच्या गोल्फच्या मालाचा तो जगांतील सर्वांत प्रसिद्ध चेहरा होता. फेब्रुवारी २०२१ मध्यें लॉस एंजेलिसजवळ मोटारीच्या अपघातांत त्याच्या उजव्या पायाचीं हाडें भयंकर मोडलीं. दांडी, पट्ट्या व स्क्रू घालून शस्त्रवैद्यांना तो पाय उभा करावा लागला. एप्रिल २०२२ मध्यें तो मास्टर्सला परत आला, तेव्हां त्याच्या पायांत 'फूटजॉय' या दुसऱ्या कंपनीचा बूट होता! पायाची हालचाल आतां मर्यादित झाली असून आपल्यास अधिक स्थिर आधार देणारें कांहीं तरी हवें होतें, असें त्यानें सांगितलें. आणि त्याच्या नव्या गरजेप्रमाणें बूट तयार करण्याचा प्रयत्न आपण करूं, असें नाइकीनेंही जाहीर केलें. डोंगराळ म्हणावें अशा त्या मैदानावर तो चारही दिवस चालला. त्याचा क्रमांक ४७ वा आला. पण दुखावलेल्या पायावर डाव पुरा करणें हाच तेथें विजय होता. पुढें २०२४ च्या जानेवारींत त्याचें व नाइकीचें नातें संपलें.

या प्रसंगावरून अमुक कंपनी चांगली व तमुक वाईट, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. तोच नाइकीचा बूट दुसऱ्या कोणाच्या पायास उत्तम बसत असेल. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच, कीं ज्याला बूट मिरविण्यासाठीं अमाप द्रव्य मिळत होतें, त्यालाही पाय दुखूं लागतांच करार, कीर्ति व चित्रें बाजूस सारून पायाचेंच ऐकावें लागलें. मग जो गृहस्थ पदरचे पैसे मोजून बूट घेतो, त्यानें पायाचें कां ऐकूं नये?

बुटाच्या व्यापारांत शास्त्राचा आव आणण्याची युक्ति नवी नाहीं. १९२० नंतरच्या काळांत अमेरिका व इंग्लंड येथील मोठ्या दुकानांतून क्ष-किरणांची एक पेटी ठेवलेली असे. गिऱ्हाइकानें नवा बूट घालून पाऊल पेटींत ठेवावें आणि वरच्या भोकांतून डोकावून बुटाच्या आंतलीं आपलीं हाडें पाहावीं! मुलांना तर त्या हिरवट चित्राची मोठी मौज वाटे. बूट कोठें चावतो हें त्या पेटीस कळत नव्हतें, मात्र घातक किरणांचा मारा फुकट मिळे. अखेर १९५७ सालीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें या यंत्रावर बंदी घातली, व हळूहळू तीं नाहींशीं झालीं.

पेटी गेली, पण युक्ति राहिली. आपले बूट घालून नुसतें चालल्यानें नितंबांचे व पोटऱ्यांचे स्नायु अधिक बळकट होतात, अशी जाहिरात 'रीबॉक'नें केली. मांडीमागील व पोटरीच्या स्नायूंना ११ टक्के अधिक व नितंबांना २८ टक्के अधिक, असे आंकडेही दिले. त्यांस पुरेसा आधार नसल्याचा आक्षेप अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानें घेतला, आणि २०११ सालीं कंपनीनें अडीच कोट डॉलर भरून तडजोड केली. पुढच्याच वर्षीं 'स्केचर्स'नें अशाच प्रकारच्या प्रकरणीं चार कोट डॉलर मोजले. बोटें निरनिराळीं दिसणारा, जवळजवळ अनवाणी चालविणारा 'व्हायब्रम'चा बूट निघाला, त्याच्या आरोग्यविषयक दाव्यांबद्दलही २०१४ सालीं तडजोडीदाखल साडेसदतीस लाख डॉलर देण्याचें ठरलें. एकानें जाड तळ्याचें माहात्म्य गावें, दुसऱ्यानें पातळ तळ्याचें. आणि टक्क्यांचा आंकडा पाहून सुशिक्षितांनींच अधिक भुलावें, ही यांतील खेदाची गोष्ट होय.

मग खरें शास्त्र काय सांगतें? पावलाची कमान पाहून त्याप्रमाणें बूट द्यावा, म्हणजे दुखापती टळतात, असें पुष्कळ वर्षें दुकानदार व तज्ज्ञ दोघेही सांगत आले. अमेरिकेच्या भूदलांत, वायुदलांत व नाविक पायदळांत हजारों नव्या शिपायांवर याचे प्रयोग झाले. कांहींना कमानीच्या आकाराप्रमाणें निवडलेले बूट दिले, इतरांना सरसकट एकच प्रकार दिला. दुखापतींच्या प्रमाणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. उलट कॅनडांतील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिपायांना निरनिराळे आंतले तळ वापरून पाहावयास दिले, व ज्याला जो सर्वांत सुखाचा वाटला तो त्यानें घेतला. निवड एकसारखी झाली नाहीं. कोणाला मऊ आवडला, कोणाला कठीण. परंतु असे तळ वापरणारांच्या तक्रारी न वापरणारांपेक्षां कमी भरल्या. यावरून सुखकारकता ही केवळ चैन नसून पावलाची स्वतःची साक्ष आहे, असा विचार पुढें आला. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, हें आपले लोक पूर्वींपासून म्हणत आलेच आहेत.

पण साक्ष घ्यावयाची तर ती नीट घेतली पाहिजे. सकाळपेक्षां संध्याकाळीं पाऊल थोडें फुगलेलें असतें. म्हणून बूट घ्यावयास संध्याकाळीं जावें, आणि खेळतांना घालावयाचे तेच पायमोजे घेऊन जावें. दोन्ही पावलांचें माप उभें राहून घ्यावें, कारण भार पडतांच पाऊल पसरतें. आणि दोन्ही पावलें बहुधा अगदीं सारखीं नसतात, तेव्हां मोठ्या पावलाचें माप खरें धरावें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी, नाहीं तर उतार उतरतांना नखें काळींनिळीं पडतात. घरीं कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनें त्याची रेघ काढावी, कागद कापून दुकानांत न्यावा व बुटाच्या तळाशीं लावून पाहावा. कागद बाजूंनीं बाहेर डोकावला, तर तो बूट कितीही नामांकित असला तरी त्या पावलाचा नव्हे.

यानंतर बूट हातांत घेऊन वांकवावा. जेथें बोटें वांकतात त्या चवड्यापाशीं तो वांकला पाहिजे. मध्येंच दुमडला तर कमानीस आधार नाहीं असें समजावें. ओलें फडकें पिळतात तसा तो सहज पिळला जाऊं नये. टांचेमागचा भाग बोटांनीं दाबून पाहावा. तो कणखर असावा, आणि चालतांना टांच उचलली जाऊं नये. मग दोन्ही पायांत बूट घालून, नाड्या नीट बांधून, दहा मिनिटें दुकानांत चालावें. जिना असल्यास चढावा-उतरावा. आणि लोकलज्जा न बाळगतां काठीविना एक टोलाही मारून पाहावा, म्हणजे पाऊल आंत सरकतें कीं काय तें तेथेंच कळेल. "वापरून वापरून सैल होईल," या वचनावर चावरा बूट कधीं घेऊं नये. कातडें थोडें सैलावतें हें खरें, पण तें सैलावेपर्यंत सोसावें पायालाच लागतें.

आपल्याकडे पावसाळ्याचाही विचार केला पाहिजे. पाणी न शिरणारा बूट दंवांत व बुरबुरींत चांगला. परंतु मुसळधार पावसांत पाणी वरून, घोट्याकडून आंत शिरतें, आणि मग तोच बूट तें बाहेर जाऊं देत नाहीं. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे कागद कोंबून ते सावलींत वाळवावे. चुलीजवळ अथवा कडक उन्हांत ठेवल्यास कातडें तडकतें व चिकटविलेले तळ सुटतात. झिजलेले खिळे वेळेवर बदलले, तर साधा बूटही पुष्कळ दिवस इमानानें काम देतो.

येथवर पावलाची साक्ष खरी मानली. तिला एक मोठा अपवाद आहे, आणि आपल्या घरांतून तो विसरणें धोक्याचें आहे. मधुमेह जुना झाला म्हणजे कित्येकांच्या पावलांतील संवेदना मंद होते. अशा माणसाला घट्ट बूटही सुखाचा वाटतो, किंबहुना घट्ट तेवढाच जाणवतो. आंत खडा गेलेला त्याला कळत नाहीं, आणि घर्षणानें पडलेला फोड चिघळूं लागला तरी वेदना होत नाहीं. अशा दुर्लक्षित जखमेपायीं पाऊल गमावण्याची पाळी येऊं शकते. म्हणून मधुमेही मनुष्यानें 'मला सुखाचा वाटतो' एवढ्यावर विसंबूं नये. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतु पावलाला टेकवून संवेदनेची परीक्षा करतात. ती करून घ्यावी, बूट मापानें व वैद्यकीय सल्ल्यानें घ्यावा, प्रत्येक वेळीं घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा, आणि रोज रात्रीं दोन्ही तळवे स्वतः पाहावे किंवा घरच्यांकडून पाहवून घ्यावे. हें काम आरशानें होतें, नातवाच्या डोळ्यांनींही होतें. जाहिरातीनें मात्र होत नाहीं.

घरांतील वडील माणसासाठीं चालावयाचा अथवा खेळावयाचा बूट घ्यावयाचा झाला, तर मुलांनीं तो भेट म्हणून परस्पर मागवूं नये. त्यांना बरोबर घेऊन जावें, दोन-तीन प्रकार पायांत घालून पाहूं द्यावे, आणि घाई करूं नये. दुकानदार दहा मिनिटें चालूं देण्यास कुरकुर करूं लागला, तर नमस्कार करून दुसऱ्या दुकानांत जावें. बुटाचे पैसे एकदांच जातात. त्या पावलांवर मात्र उरलेलें सारें आयुष्य चालावयाचें असतें.