फाशी आणि ‘जैसे थे’चा हुकूम



कायदेपंडितांनी बोलावयाच्या विषयावर आम्ही बोलावयास उभे राहिलो आहो, याचे काहींना नवल वाटेल. आमच्यापाशी वकिलीची सनद नाही. जो काही कायदा कळला तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुकारा होण्याची वाट पाहता पाहता कळला. परंतु आजच्या विषयाला तेवढी शिदोरी पुरेल असे वाटते. विषय असा : एखाद्या देशात माणसाला फाशीची शिक्षा झाली, अपिले संपली, दिवसही ठरला, आणि दूरचे एक आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणाले, ‘थांबा.’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार काय, आणि त्याचे कोणी का ऐकावे?

प्रथम गिरणीतला दाखला घेऊ. कामगारांचा तंटा न्यायाधिकरणापुढे चालू आहे, आणि मालकाने मधल्यामध्ये तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकले, तर निकाल लागेल तेव्हा तो लागू कोणाला करावयाचा? म्हणून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ३३ वे कलम घातले गेले. तंटा चालू असेतो त्याच्याशी निगडित नोकरीच्या अटी मालकाने परस्पर बदलू नयेत, असा त्याचा रोख होता. आमची माणसे याला ‘जैसे थे’ म्हणत. ‘जैसे थे’ म्हणजे कामगार जिंकला असे नव्हे. निकालाआधी निकालाचा विषयच नाहीसा होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आणि बडतर्फ कामगाराला मागील पगारासह पुन्हा कामावर घेता येते. फाशी दिलेल्याला परत आणता येत नाही.

आता अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात चला. कार्ल आणि वॉल्टर लाग्रँड हे दोघे भाऊ जन्माने जर्मन, लहानपणीच अमेरिकेत आलेले. १९८२ साली एका बँकेवर दरोडा घालताना त्यांनी बँकेच्या व्यवस्थापकाचा खून केला. गुन्हा घोर होता, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम सांगते की, परदेशी माणसाला अटक केली तर ‘तुझ्या देशाच्या वकिलातीला कळविण्याचा तुला हक्क आहे’ हे त्याला विनाविलंब सांगावे. हे या भावांना कोणी सांगितले नाही. जर्मन वकिलातीला पत्ता लागला तो १९९२ साली, तोवर शिक्षा होऊन सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

२४ फेब्रुवारी १९९९ रोजी कार्लला देहान्त दिला गेला. २ मार्चला जर्मनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. ३ मार्चला न्यायालयाने हुकूम काढला : अंतिम निकालापर्यंत वॉल्टरचा प्राण घेऊ नये. त्याच दिवशी वॉल्टरला विषारी वायूच्या कोठडीत मारले गेले. अमेरिकी सरकारच्या वकिलाने आपल्या सर्वोच्च न्यायालयाला कळविले होते की, हेगचा असा अंतरिम हुकूम बंधनकारक नसतो.

शब्दांचा कीस पुष्कळ काढला गेला. न्यायालयाच्या घटनेतले ४१ वे कलम म्हणते की, न्यायालय तात्पुरते उपाय ‘सुचवू’ शकते. सुचविणे म्हणजे आज्ञा का विनंती? जर्मनीने खटला सोडला नाही. २७ जून २००१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, असे हुकूम बंधनकारकच असतात. कारण ते तसे नसतील तर न्याय देण्याची न्यायालयाची शक्तीच पोकळ ठरते. आमच्या व्हरांड्यातल्या भाषेत, ‘जैसे थे’ मोडण्याची मुभा असेल तर तंटा चालविण्यात अर्थ नाही. दोघे भाऊ गेल्यावर हा कायदा स्पष्ट झाला.

हेगच्या न्यायालयाचे दार फक्त राष्ट्रांना उघडे असते. मानवी हक्कांची न्यायालये निराळी. तिथपर्यंत साध्या कैद्याचा अर्जही पोहोचतो. अमेरिका खंडातले असे न्यायालय कोस्टा रिकातील सान होजे येथे आहे. त्रिनिदादमध्ये खुनाला फाशी ही एकच सक्तीची शिक्षा होती. परिस्थिती पाहून ती कमी करण्याची सोय न्यायाधीशाला नव्हती. कैद्यांनी वॉशिंग्टनच्या आयोगाकडे अर्ज केले आणि १९९८ साली सान होजेच्या न्यायालयाने फाशी थांबविण्याचे हुकूम दिले. सरकारने त्याच वर्षी करारातून अंग काढून घेण्याची नोटीस दिली. १९९९ च्या जूनमध्ये एकाला आणि जुलैमध्ये दुसऱ्याला, हुकूम असताना, फासावर चढविले. २००२ साली न्यायालयाने निकाल दिला : सक्तीची फाशी हीच कराराच्या विरुद्ध आहे. म्हणजे बत्तीस कैद्यांचे म्हणणे खरे ठरले. परंतु जूनमध्ये फासावर गेलेला त्यांतला एक ते ऐकावयास उरला नव्हता. १९९९ च्या त्या जुलैनंतर त्रिनिदादमध्ये कोणालाही फाशी झालेली नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सार्वभौमत्वाचा. परंतु त्या करारांवर या राष्ट्रांनी स्वखुशीने सह्या केल्या होत्या. करार करावयाचा आणि अडचणीचा झाला की ‘माझे घर, माझी मर्जी’ म्हणावयाचे, हा युक्तिवाद आम्ही मालकांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. दुसरा आक्षेप जड आहे : ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचे काय? त्यांचे दुःख खरे आहे आणि त्याला उत्तर देण्याचा आव आम्ही आणणार नाही. इतकेच म्हणू की, स्थगितीने कैदी सुटत नाही. तो तुरुंगातच राहतो. थांबते ती फक्त न सुधारता येणारी गोष्ट.

आता आपल्या घरी येऊ. १० एप्रिल २०१७ रोजी पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने कुलभूषण जाधव यांना फाशी सुनावल्याचे जाहीर झाले. आशिया खंडाला मानवी हक्कांचे न्यायालय नाही. जाधवांच्या घरच्यांना स्वतः ठोठावता येईल असे दारच नव्हते. भारत सरकार ८ मे रोजी हेगला गेले आणि १८ मे रोजी एकमताने हुकूम मिळाला : अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नये. १७ जुलै २०१९ च्या निकालात न्यायालयाने शिक्षा रद्द केली नाही, सुटकाही दिली नाही. मात्र ३६ वे कलम पाकिस्तानने मोडले असे ठरविले आणि शिक्षेचा खराखुरा फेरविचार होईपर्यंत स्थगिती कायम ठेवली.

त्या हुकुमाचा महाराष्ट्रात आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या हुकुमाला जे वजन होते ते लाग्रँड बंधूंच्या खटल्यातून आलेले होते. ज्यांच्याविषयी कोणाला माया वाटावी असे काही नव्हते, त्या दोन खुन्यांसाठी जर्मनी भांडले, म्हणून सोळा वर्षांनी भारताला हातात धरावयास दोरी मिळाली. म्हणून आमची विनंती अशी की, परक्या गुन्हेगारासाठी असा हुकूम निघाला की ‘ही नसती ढवळाढवळ’ असे म्हणू नये. आपल्या माणसापुरता मागितलेला हक्क टिकत नाही, हे चळवळीत आम्ही रोज पाहतो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या घरातला मुलगा आखातात किंवा आणखी कुठे कामाला जात असेल, तर पासपोर्टाबरोबर त्याला ३६ वे कलमही सांगून ठेवा. पकडले गेले तर पहिले वाक्य असावे, ‘माझ्या वकिलातीला कळवा.’