विषाची रिकामी बाटली

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भावाचा, विम्याचा, विजेचा विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी मांडला. मी एका रिकाम्या बाटलीबद्दल बोलणार आहे. कपाशीवर फवारा मारून झाला की मागे राहते ती बाटली, तो डबा, ती पुडी.

सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम केले. त्यांत घरातल्या घातक कचऱ्याची यादी होती. जुने सेल, फुटलेला थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचे डबे, आणि त्याच यादीत कीटकनाशकांचे डबेही. शहरातल्या घरात झुरळे मारायचा एखादा डबा निघत असेल. आपल्याकडे एका खरिपात पोतेभर निघतात. असा कचरा जमा करायला दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र काढा, असे त्या नियमांनी सांगितले. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते. म्हणजे विष गावात आणि केंद्र शहरात.

मग गावातल्या बाटलीचे काय होते? ती धुऱ्यावर पडते, पहिल्या पावसात नाल्यात जाते. नाही तर घरी येते. काचेची असली तर घासलेटाला, पाच लिटरचा कॅन असला तर पाण्याला. डब्याचा वरचा भाग कापला की कोंबड्यांना पाणी ठेवायला भांडे तयार. आपण काटकसरी माणसे, वस्तू फेकवत नाही. पण ही काटकसर महाग पडते. बाटली ओतून रिकामी केली तरी आतल्या भिंतीला आणि झाकणाच्या आट्यांत विष चिकटून राहते. साबणाने दहा वेळा धुतली तरी ती खाण्यापिण्याच्या कामाची होत नाही.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेचे मधल्या सुट्टीतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. ज्या तेलात भाजी केली त्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेच मोनोक्रोटोफॉस, जे आपण वर्षानुवर्षे कपाशीवर मारले. स्वयंपाकघर आणि विष एकमेकांजवळ आले की काय होते, ते यापेक्षा वेगळे सांगायला नको.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्याची चर्चा देशभर झाली. वावरातल्या विषाची चर्चा झाली हे बरेच झाले. आता घरात आणून ठेवलेल्या विषाचीही होऊ द्या.

पहिली गोष्ट, उरलेले औषध. एकराला पाव लिटर लागते. दुकानदार म्हणतो, लिटर घ्या, स्वस्त पडते. आपण घेतो. पाव लिटर पिकावर जाते, पाऊण लिटर वळचणीला खोचले जाते. पुढच्या वर्षी ते चालेल की नाही ठाऊक नाही, पण पोराचा हात तिथे पोचेल एवढे मात्र नक्की. म्हणून लागेल तेवढेच घ्या. लहान पुडा महाग वाटला तरी घ्या. लिटरमागे वाचलेले पैसे घरात विष सांभाळण्याची मजुरी समजा, आणि ती मजुरी परवडते का ते ठरवा.

उरलेच तर मूळ बाटलीत, मूळ चिठ्ठीसकट, कुलपाच्या पेटीत, धान्य आणि चाऱ्यापासून लांब ठेवा. दारूच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतू नका. चिठ्ठीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे! विषबाधा झालीच तर माणसाबरोबर ती चिठ्ठी दवाखान्यात न्या. मोनोक्रोटोफॉससारख्या विषावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन आहे. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही. पोटात काय गेले हे डॉक्टरांना कळले, तरच उपचार वेळेवर सुरू होतो.

दुसरी गोष्ट, औषध लावलेले बियाणे. १९७१-७२ साली इराकमध्ये पाऱ्याचे औषध चोळलेला गहू पेरणीसाठी वाटला गेला. लोकांनी त्याच्या रोट्या केल्या. धुतल्यावर रंग गेला, विष राहिले. चारशेहून अधिक माणसे दवाखान्यांत मेली. आपल्याकडेही ज्वारीचे लाल-गुलाबी बी शिल्लक राहते. ते दळू नका, कोंबड्यांना टाकू नका.

तिसरी गोष्ट, ज्वारीच्या कणगीतल्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून ओल लागली की विषारी वायू सुटतो. त्या सरकारी यंत्रणेने आणि शिकलेल्या माणसानेच वापरायच्या, असा नियम आहे. तरी त्या घरात येतात, आणि कणगीशेजारीच अंथरूण असते. त्या घरात आणूच नका. ज्वारी कडक उन्हात वाळवून कोरड्या जागी ठेवा.

आता बाटली रिकामी झाल्यावर काय करायचे ते सांगतो. हे काम वावरातच, पंप भरतानाच करायचे. बाटली पुरती निथळू द्या. पाव भाग पाणी घाला, झाकण घट्ट लावा, अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असे तीनदा करा. कोणी म्हणेल, कोरडवाहूत पाणी कुठून आणू? फवाऱ्याचे पाणी टिपाडात नेतोच की, त्यातलेच दोन तांबे. शिवाय बाटलीला चिकटलेले औषधही आपल्याच पैशाचे, ते पिकावर तरी जाते. मग बाटलीला तीन-चार भोके पाडा, म्हणजे ती कोणाच्या कामाची राहणार नाही. भंगारवाल्याला देऊ नका. चुलीत किंवा पऱ्हाटीबरोबर जाळू नका, तो धूर भाकरी थापणारीच्या छातीत जातो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ४४ वा नियम सांगतो की रिकामी वेष्टणे उघड्यावर टाकू नयेत, तोडून वस्तीपासून दूर पुरावीत. विहीर आणि नाला टाळून उंचावरची जागा निवडा. पंपात उरलेले द्रावण नाल्यात ओतू नका, त्याच पिकाच्या राहिलेल्या ओळींवर संपवा.

आणि घरात बी.एच.सी.ची पावडर किंवा फोरेटची पिशवी पडली असेल तर? बी.एच.सी. १९९७ पासून बंद आहे, फोरेट २०२० अखेर बंद झाले. ते वापरू नका, ओतू नका, पुरूही नका. बांधून, कुलपात ठेवा आणि कृषी अधिकाऱ्याकडे लेखी कळवा. उत्तर येईल न येईल, पण गावोगावचे कागद जमले की त्यांना उत्तर द्यावेच लागेल.

सर्वांत चांगली बाटली म्हणजे न घेतलेली बाटली. शेजाऱ्याने मारले म्हणून फवारा काढू नका. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले, तर फवारणीचा विचार करा. सुरुवातीच्या रसशोषक किडींना पाच टक्के निंबोळी अर्क मारा. निंबोळ्या आपल्याच बांधावर पडतात, त्यांची बाटली उरत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावाने १९९८-९९ पासून कोरडवाहू कपाशीवर एकात्मिक कीड व्यवस्थापन गावपातळीवर करून दाखवले आहे.

एवढे सगळे आपण करू. पण बाटली भरून विकणाऱ्याने काहीच करायचे नाही का? ब्राझीलमध्ये २००० साली कायदा झाला. शेतकऱ्याने बाटली तीनदा विसळून, भोक पाडून परत करायची, विक्रेत्याने ती घ्यायची, कंपन्यांनी स्वखर्चाने नेऊन तिची विल्हेवाट लावायची. तिथे प्लॅस्टिकच्या अशा बाटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत येतात. तिथला शेतकरीही कापूस आणि ज्वारी पिकवतो. मग जे तिथे जमते ते इथे का जमू नये? नफा त्यांनी न्यायचा आणि विषाची बाटली आमच्या धुऱ्यावर, हा हिशेब आपल्याला मान्य नाही.

म्हणून दोन ठराव मांडतो. पहिला सरकारसाठी: दर तालुक्याला रिकाम्या बाटल्या आणि बंदी आलेली जुनी औषधे जमा करण्याचे केंद्र, खर्च कंपन्यांचा. दुसरा आपल्यासाठी: मेळाव्याहून घरी गेल्यावर आठ दिवसांत वळचण, माळा, गोठा तपासायचा, आणि विषाच्या डब्यात पाणी, तेल, दाणे काही असेल तर ते भांडे त्याच दिवशी मोडायचे.

पहिल्या ठरावाला वर्षे लागतील. दुसऱ्याला कोणाच्याही सहीची गरज नाही. मायबहिणींनो, स्वयंपाकघर तुमच्या हातात आहे. दुसरा ठराव मंजूर झाला की नाही, ते तुम्हीच सांगायचे.