माठ, पंखा आणि घाम

तुमच्या प्रश्नांची वही आता बरीच जाड झाली आहे. आज तिच्यातले तीन प्रश्न एकदम घेतो. तिघं विचारणारे तीन गावांचे, एकमेकांना ओळखतही नाहीत, पण विचारलंय तिघांनी एकच.

पहिला प्रश्न इंदूरच्या आठवीतल्या मुलीचा. ती लिहिते, ‘आमच्या माठातलं पाणी मे महिन्यात इतकं गार होतं की दात शिवशिवतात. तसाच माठ आम्ही चेन्नईच्या मामांना नेऊन दिला. त्यांच्याकडे पाणी गार होतच नाही. माठ बिघडलाय का?’ दुसरा प्रश्न नागपूरच्या कॉलेजातल्या मुलाचा. ‘पंखा खोली थंड करत नाही असं आमचे सर म्हणतात. मग गार का वाटतं?’ तिसरा वडोदऱ्याच्या एका गृहस्थांचा. ‘विदर्भात लोक ४५ अंशांत कामं करतात, मग मुंबईकडे ३७-३८ अंशांतच माणसं कोसळतात, हे कसं?’

माठापासून सुरुवात करू. माठातलं पाणी गार का होतं, असं कुणालाही विचारा, उत्तर येतं, ‘बाष्पीभवनामुळे.’ परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. पण हे उत्तर चेन्नईच्या मामांना देऊन पाहा. त्यांच्या माठातही पाणी आहे, भोकंही आहेत, बाष्पीभवनही होतंय. मग? नुसत्या शब्दानं त्यांचं पाणी गार होत नाही आणि आपलं समाधानही होऊ नये. उष्णतेचा कुठलाही प्रश्न आला की मी आधी एकच विचारतो : उष्णता गेली कुठे? पाणी गार झालं याचा अर्थ त्याच्यातली उष्णता कुणीतरी उचलून नेली. कोण, आणि कुठे?

पाण्याचे रेणू सगळे एकाच वेगानं हलत नसतात. काही सुस्त असतात, काही मध्यम, थोडे फार चपळ. माठाच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि बाहेरच्या अंगावर ओलावा येतो. त्या ओलाव्यातले जे सर्वांत चपळ रेणू असतात तेच शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. क्रिकेटच्या संघातले चार तगडे फलंदाज संघ सोडून गेले तर उरलेल्यांची सरासरी काय होईल? घसरेल. उरलेल्या कुणाचा खेळ बिघडला नाही, तरी संघाची सरासरी खाली आली. रेणूंच्या सरासरी ऊर्जेलाच आपण तापमान म्हणतो. चपळ गेले, सरासरी उतरली, पाणी गार झालं. उष्णता गेली ती वाफेबरोबर.

किती गेली, हेही बघण्यासारखं आहे. घरातल्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. तुमच्या पुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हटलंय. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशानं उतरवायला एकच कॅलरी काढावी लागते. आता दहा लिटरचा माठ घ्या. त्यातलं पाणी दहा अंशांनी गार करायचं तर एक लाख कॅलरी बाहेर जायला हव्यात. ५८० नं भागा. पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे एक छोटा पेला पाणी उडून गेलं की उरलेला माठभर पाणी गार! प्रत्यक्षात थोडं जास्त उडावं लागतं, कारण बाहेरची गरम हवा माठात सतत उष्णता भरत असते. तरी सौदा स्वस्तातला आहे. एखाद्या यंत्रानं हे केलं असतं तर आपण त्याच्यावर तारांकित चिठ्ठी लावली असती.

‘मातीच थंड असते’ असं तुमच्याकडे कुणी म्हणत असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. एका माठाला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा, दुसरा तसाच ठेवा. संध्याकाळी दोन्हीकडचं पाणी प्यायला द्या. माती दोन्हीकडे तीच आहे. जुना माठ पाणी गार करेनासा होतो तोही यामुळेच. जड पाण्यातले क्षार छिद्रांत साचतात, झिरपणं बंद होतं. माठाला बाहेरून हौसेनं ऑइलपेंट फासणाऱ्यांना काय सांगावं? शोभेची वस्तू म्हणून तो छानच दिसतो.

आता मामांकडे येऊ. रेणू माठावरून हवेत जातात हे अर्धंच झालं. हवेतही बाष्पाचे रेणू असतात, आणि ते माठावर आपटून परत पाण्यात येत असतात. ही दोन्ही बाजूंची ये-जा आहे. इंदूरला मे महिन्यातल्या दुपारी हवा कोरडी, परत येणारे थोडे. चेन्नई समुद्राकाठी, तिथल्या हवेत बाष्प भरलेलं, म्हणून जितके जातात त्यातले बरेचसे परत येतात आणि येताना नेलेली उष्णताही परत आणतात. माठ ठणठणीत आहे. हवा दमट आहे.

आकड्यांत सांगतो. समजा इंदूरला तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. अशा हवेत ओली वस्तू बाष्पीभवनानं जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत गार होऊ शकते. चेन्नईत ३५ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ती २९ च्या खाली जाणार नाही. माठ काही या टोकाला पोचत नाही, दोन-चार अंश अलीकडेच थांबतो. मग मामांच्या हाती काय उरतं? ३५ चं ३१ किंवा ३२. त्याला गार पाणी कोण म्हणेल? गंमत बघा, जास्त गरम गाव इंदूर, आणि जास्त गार पाणीही तिथेच.

या टोकाच्या तापमानाला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. नाव विचित्र आहे, पण करायला सोपं. तापमापकाच्या खालच्या फुग्यावर ओली कापसाची वात किंवा मलमल गुंडाळायची आणि त्यावर वारा घालायचा. जिथे आकडा स्थिरावेल ते ओल्या फुग्याचं तापमान. हवामान खात्याच्या केंद्रांवर पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी असते ना, तिच्यात कोरडा आणि ओला असे दोन तापमापक शेजारी असतात, ते याचसाठी.

नागपूरच्या मुलाचं उत्तरही यातच आलं. कोरडा तापमापक पंख्याखाली धरा, आकडा हलणार नाही. ओला धरा, झरझर उतरेल. आपण ओले तापमापक आहोत. त्वचेवर घामाचा ओलावा असतो आणि त्वचेला चिकटून दमट हवेचा पातळ थर असतो. पंखा तो थर ढकलून देतो, कोरडी हवा आणतो, रेणू परत येण्याआधीच पळवले जातात. सरांचं म्हणणंही खरंच आहे. छताचा जुना पंखा ७० ते ७५ वॅट वीज घेतो आणि ती सगळी शेवटी खोलीत उष्णता होऊन राहते. बंद खोलीत कुणी नसताना पंखा चालू ठेवलात तर खोली किंचित तापते. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. खोलीबाहेर जाताना तो बंद करा, असं आई सांगते तेव्हा ती बिल वाचवत असते आणि भौतिकशास्त्रही पाळत असते.

कूलरचंही तसंच. त्याच्या जाळीतून गेलेली हवा गार होते पण दमटही होते. खिडक्या गच्च लावून कूलर चालवला तर तासाभरात खोलीचं चेन्नई होतं. समोरची खिडकी उघडी हवी. जुलैत कूलर निकामी वाटतो तोही बिघडलेला नसतो.

आता तिसरा प्रश्न. इथे जरा थांबू, कारण यात माणसं दगावतात.

आपलं शरीर नुसतं बसलं असलं तरी सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतं. पूर्वीच्या पिवळ्या बल्बएवढी. घमेली उचलणारा, रिक्षा ओढणारा, शेतात खुरपणारा माणूस त्याच्या तीन-चार पट करतो. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर शरीर तापत जाईल. हवा त्वचेपेक्षा थंड असली तर थोडी उष्णता आपोआप हवेत जाते. पण त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की हा दरवाजा बंद, उलट बाहेरची उष्णता आत येते. उरतो एकच मार्ग : घाम. एक लिटर घाम उडून गेला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी नेतो. पण *उडून* गेला तर. जो घाम नुसताच निथळतो, कपाळावरून टपकतो, तो काहीही नेत नाही. फक्त शरीरातलं पाणी आणि मीठ वाया घालवतो. विदर्भातला कामगार म्हणतो, घाम दिसतच नाही, कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग तेवढे पडतात. त्याचा घाम कामी आला. किनाऱ्यावर सदरा पिळून काढावा लागतो. तो घाम फुकट गेला.

म्हणून ४५ आणि ३८ हे आकडे असे समोरासमोर ठेवता येत नाहीत. ओल्या फुग्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं, तर सावलीत बसलेल्या, भरपूर पाणी पिणाऱ्या धडधाकट माणसालाही उष्णता बाहेर टाकता येत नाही, असा हिशोब २०१० साली स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या शास्त्रज्ञांनी मांडला. पुढे अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. दमट हवेत त्यांची मर्यादा ३५ नव्हे, ३१ अंशांच्या आसपासच निघाली. म्हातारी माणसं आणि हृदयाचे रुग्ण यांची त्याहूनही कमी धरावी लागेल. मघाचं चेन्नईचं २९ आठवतंय ना? मध्ये फार जागा उरलेली नाही.

एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या एका कार्यक्रमानंतर उष्माघातानं दहाहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. त्यावर डोक्यावरचं ऊन, गर्दी आणि किनाऱ्याची हवा. विदर्भातला माणूस ३८ अंश ऐकून ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो. म्हणूनच मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. टीव्हीवरचा एक आकडा बघून दोन गावांतले लोक दोन चुकीचे निष्कर्ष काढू शकतात. हवामान खात्याचे उष्णतेच्या लाटेचे निकषही म्हणूनच जागेप्रमाणे वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्यावर लाटेचा विचार सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ पासून, डोंगराळ भागात ३० पासून. मला विचाराल तर बातम्यांत तापमानाशेजारी ओल्या फुग्याचा आकडाही रोज दिसायला हवा. चांदीचा भाव दिसतो, हा का नाही?

मग पंखा लावायचा की नाही? ३५-३६ अंशांपर्यंत बिनदिक्कत लावा. त्यापुढे पंखा दोन कामं करतो, घाम उडवतो आणि गरम हवेची उष्णता अंगावर आणून ओततो. अंग ओलं असेल तर पहिलं काम बराच वेळ जिंकतं. पण आजीआजोबांना घाम कमी येतो. ४४ अंशांत, बंद खोलीत, कोरड्या अंगावर पंख्याचा झोत म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसवणं. अंगावर ओला पंचा टाका, हातपाय भिजवा, मग पंखा चालू द्या. आता ते माठ झाले.

कुणी उष्माघातानं कोसळलं, अंग भाजतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग भिजवून वारा घाला. कोरड्या हवेत एवढ्यानंही बराच फरक पडतो. दमट गावात मात्र बाष्पीभवनावर विसंबू नका, ते तिथे दुबळं आहे हे आपण माठात बघितलंच. तिथे उष्णता सरळ थंड पाण्याला देऊन टाकायची. बर्फाच्या पाण्यात भिजवलेली फडकी काखेत, मानेवर, जांघेत ठेवा आणि बदलत राहा. शक्य असेल तर थंड पाण्याच्या टबातच बसवा, डोकं वर धरून. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल.

चेन्नईच्या मामांसाठी एवढंच : माठ वाऱ्याच्या खिडकीत, सावलीत ठेवा आणि फ्रिजबद्दल संकोच बाळगू नका.

पुढच्या भागापर्यंत एक काम. प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक मिळवा. ताप बघायचा घेऊ नका, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. एकाला ओली वात गुंडाळा, दोन्ही पंख्याखाली सावलीत धरा, दहा मिनिटं थांबा. येत्या रविवारी दुपारी तीन वाजता हे करायचं. दोन आकडे आणि गावाचं नाव, एवढंच पाठवा. इंदूर, चेन्नई, कोलकाता, पणजी, बेळगाव, जिथे असाल तिथून. सगळे आकडे आपण नकाशावर मांडू.